अकरा नंबरच्या दारात

५ मार्च

धाकटीस,

वर ‘प्रिय’ लिहून खोडलं आहे. कागद वाया घालवायचा नाही म्हणून तोच ठेवला, नाहीतर तुला ते दिसलंही नसतं.

पत्र कामाचं आहे. आपल्या उशी कुत्रीची वही परत पाठव. कुत्र्याची वही संस्थेची असते, सांभाळणाऱ्याची नाही, हा नियम तूच लिहिला होतास. दोन वर्षांपूर्वी कपाटाची किल्ली माझ्या टेबलावर आपटून तू गेलीस, त्या दिवसापासून आपल्याकडे कुत्री नऊ आणि वह्या आठ. मी आजवर बोलले नाही. म्हटलं, नेली असेल आठवण म्हणून. उशीला पिल्लाची मोठी तूच केलीस. पण परवा कळलं की तू त्या कुत्र्यांना आंघोळ घालायच्या दुकानात कामाला आहेस आणि दुकानामागे एक मोकळी खोली आहे. मोकळी खोली, ओळखीची कुत्रीवाली माणसं आणि आमची वही. मी काही दूधखुळी नाही. स्वतःची संस्था काढायची असेल तर खुशाल काढ, पण आमच्या वहीतून नको.

वही आत्ताच का हवी, तेही सांगते. काल मंगळवार, उशीला घेऊन वृद्धाश्रमात आजाऱ्यांच्या भेटीला जायचा दिवस. उशी अकरा नंबरच्या खोलीच्या दारात थांबली. तुझा उंबरठ्याचा नियम आम्ही अजून पाळतो. दारात पट्टा सैल सोडायचा, बोलवायचं नाही, ओढायचं नाही, खाऊ दाखवायचा नाही. कुत्रं आपण होऊन आत गेलं तर भेट, नाहीतर आल्या पावली परत. त्या दारात उशी यापूर्वी कधी थांबली नव्हती.

अकरामध्ये ते गणिताचे मास्तर आहेत, अर्धांगाच्या झटक्यानंतर उजवा हात गेलेले. उशीच्या पाठीवरून ब्रश फिरवायचा म्हणून त्यांनी तो हात पहिल्यांदा उचलला तेव्हा तू तिथेच होतीस. आता वीस वेळा फिरवतात. मनात मोजतात, ओठ हलताना दिसतात. डॉक्टर म्हणतात, दुसऱ्या कशासाठीही हा हात ते उचलत नाहीत, आणि थांबला तर कायमचा थांबेल. काल ब्रश मांडीवर घेऊन तयार बसले होते. उशी दारात बसली आणि तिने मान फिरवली. आम्ही निघालो तरी मास्तरांनी ब्रश खाली ठेवला नाही.

खोलीत काही वावगं नाही. उलट त्या मजल्यावर सगळ्यात आधी हीच खोली नवी करून घेतली आहे. पांढऱ्या भिंती, नवा पडदा, तोंड दिसेल अशी फरशी. मग झालं काय? कुत्रं उगीच थांबत नाही. कुठेतरी पाणी मुरतंय. पूर्वी असं कधी झालं होतं का, ते वहीत पाहायचं आहे.

— संचालक


१२ मार्च

धाकटीस,

उत्तर नाही. ठीक आहे. तोंडात मिठाची गुळणी धरून बसायची तुझी सवय जुनीच आहे. लहानपणी काचेचा जग तू फोडायचीस आणि गप्प बसायचीस, बोलणी मी खायचे.

उशी शुक्रवारी थांबली आणि काल पुन्हा थांबली. तू गेल्यापासून तिला कंडक्टरकाका नेतात. बसमधून निवृत्त झालेले गृहस्थ आहेत, प्रत्येक खोलीतून निघताना अजून ‘चला, पुढे चला’ म्हणतात. आधी मला त्यांचाच संशय आला. खिसा उलटा करायला लावला. बिस्किटांचा चुरा निघाला.

“माझ्यासाठी असतात हो, बाई,” ते म्हणाले. “साखर कमी होते माझी.”

मी तो चुरा हुंगला. माणसांचीच बिस्किटं होती. हसू नकोस. संशय हा माझा स्वभाव नाही, कामाचा भाग आहे. आपण जनावरं घेऊन आजारी माणसांच्या अंथरुणापर्यंत जातो. डोळ्यांत तेल घालून राहावंच लागतं.

मग मी मावशीकडे पाहिलं. मास्तरांचं सगळं करणारी ती उंच मावशी तुला आठवत असेल. दोन शब्दांत काम होत असेल तर तिसरा खर्च करत नाही. उशी दारात बसली की ती पलंगाच्या डोक्याशी उभी असते, भिंतीला चिकटून. माझी नजर गेली की आपली नजर खाली. काल मास्तरांची डावी बाही वर सरकली होती. दंडावर काळंनिळं. नुसता डाग नव्हे, चार बोटं उमटलेली. मी बघतेय हे पाहून तिने बाही खाली ओढली.

माझ्या मनात पाल चुकचुकली. पण मी तिला काही विचारलं नाही. विचारून सावध कशाला करायचं?

त्याऐवजी प्रयोग केला. तिला खाली टॉवेल आणायला पाठवलं आणि मास्तरांची चाकाची खुर्ची मी स्वतः बाहेरच्या जुन्या व्हरांड्यात आणली. उशी उठली, सरळ त्यांच्याकडे गेली आणि मांडीवर हनुवटी टेकली. मास्तरांनी ब्रश फिरवला. सात वेळा. मावशी टॉवेल घेऊन वर आली तशी मी खुर्ची खोलीत नेली. उशी पुन्हा दारात बसली! मावशी नाही, तर उशी जाते. मावशी आहे, तर जात नाही. याहून सरळ पुरावा कोणता?

काका म्हणाले, “बाई, ती नाही म्हणते एवढंच आपल्याला कळतं. का नाही म्हणते, ते अजून तिने सांगितलेलं नाही.”

पंधरा वर्षं कुत्र्यांत काढलेल्या बाईला हे ऐकवतात, तिकिटं फाडण्यात जन्म गेलेले! मी गप्प बसले, कारण ते फुकट काम करतात.

आणखी एक. निघताना मावशीने तिसरा शब्द खर्च केला. “धाकट्या बाई बऱ्या आहेत ना?” असं तिने विचारलं. तुझी चौकशी तिला का? तू तिकडे जातेस का? तुमचं बोलणं होतं का? याचं तरी उत्तर दे.

— संचालक


१६ मार्च

धाकटीस,

तुझं उत्तर आलं नाही, म्हणजे तुमचं बोलणं होतं असं मी धरून चालते.

मी परवा वृद्धाश्रमाच्या व्यवस्थापकांना लेखी तक्रार दिली. दंडावरची बोटं, मावशीची नजर, उशीचं वागणं, व्हरांड्यातला प्रयोग, सगळं तारीखवार. शेवटी लिहिलं, ‘आमची प्रशिक्षित कुत्री ज्या व्यक्तीजवळ जाण्यास सातत्याने नकार देते, तिच्या हाती असहाय रुग्ण सोपवणे धोक्याचे आहे.’ वाक्य चांगलं जमलं होतं. खाली संस्थेचा शिक्का मारला.

व्यवस्थापक घाबरट आहेत. त्यांनी त्याच दुपारी मावशीला चौकशी होईपर्यंत घरी बसवलं. मी तिथेच होते. तिने वाद घातला नाही. मास्तरांचा चष्मा पुसून त्यांच्या नाकावर ठेवला, आपली पिशवी उचलली आणि माझ्या अंगावरून गेली. निर्दोष माणूस असा गप्प जातो का? मी असते तर छप्पर डोक्यावर घेतलं असतं.

मास्तर काहीतरी बोलत होते. झटक्यापासून त्यांना तीनचारच शब्द येतात, त्यातला एकही तो नव्हता. ओरडत होते म्हटलं तरी चालेल. सुटकेचा आवाज असावा.

तू गेलीस तेव्हा म्हणाली होतीस, “ताई, तुला कुत्री कळतात, पण तुझं ऐकायचं आधीच ठरलेलं असतं.” घे. या वेळी कुत्रीचं ऐकणारी मी एकटीच होते. एका म्हाताऱ्याला वाचवलं. हे तुला कुणीतरी सांगायला हवं होतं, आणि माझ्याशिवाय कोण सांगणार?

— संचालक


२२ मार्च

धाकटीस,

उशी अजून थांबते.

आता मास्तरांकडे नवी बाई आहे. गोड बोलते, सारखी हसते. पहिल्या मंगळवारी उशी दारात बसली तेव्हा म्हटलं, जुना वास राहिला असेल. काल शुक्रवारी चादरी, पडदा, उशा सगळं धुऊन झाल्यावरही बसली. पंजा आत टाकला, घेतला मागे. थरथरत होती.

मी नव्या बाईकडे पाहायला लागले. इतकं हसायला झालंय काय हिला? तिची नखं पाहिली. पिशवीत काय असतं ते विचारलं. काका माझ्या शेजारी उभे होते. म्हणाले, “आता हिलाही काढायचं का बाई? मग स्वयंपाकी आहे. मग व्यवस्थापक. शेवटी आपण दोघं राहू.”

मला राग आला, पण खरं सांगू का, भीतीही वाटली.

मास्तर जेवत नाहीत. नवी बाई भरवते, ते तोंड फिरवतात. ब्रश मांडीवर ठेवला तर त्याच्याकडे बघतसुद्धा नाहीत. खुर्ची व्हरांड्यात आणली, उशी गेली, त्यांच्या पायाशी बसली. हात उचलला गेला नाही. एकदाही नाही. दहा दिवसांपूर्वी सात होते, त्याआधी वीस. मी उभी राहून शून्य मोजलं.

वही पाठव. या वेळी मागत नाही, विनवते आहे. सही कुठली करावी ते सुचत नाही.


२७ मार्च

धाकटे,

पुडकं मिळालं. आधी गाठ तपासली, मग आतला कागद उलटसुलट केला. चिठ्ठी नाही. नुसती वही, आणि एका पानाचा कोपरा दुमडलेला. वही तुझ्याकडेच होती तर! महिनाभरात घेतलेल्या संशयांपैकी एवढा एकच खरा निघाला, आणि तोही असा.

दुमडलेलं पान तुला पाठ असेल, तरी उतरवते. माझ्या हाताने एकदा लिहायला हवं.

‘१९ ऑक्टोबर. उशी गुळगुळीत फरशीवर पाय टाकत नाही. डावा मागचा जपते. खडबडीत जागी ठीक. ताईला सांगितलं. ताई म्हणाली, परवा पाहुणे येऊन जाऊ देत, मग डॉक्टरकडे नेऊ.’

त्याखाली, ‘२१ ऑक्टोबर. मुलांचा वॉर्ड. उशी दारात थांबली. ताईने माझ्या हातातला पट्टा घेतला.’

पुढची पानं कोरी.

मला हे आठवत नव्हतं, असं लिहिणार होते. वाक्य अर्धं लिहूनही झालं होतं. आठवत होतं. पाहुणे रांगेत उभे, फोटोवाला तयार, मुलं पलंगावर उठून बसलेली, आणि ही दारात. मी ओढलं. ती आत आली, घसरली, सावरली, शेपूट हलवली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तो फोटो कार्यालयात माझ्या खुर्चीमागे आहे. आज उतरवून पाहिला. पट्टा ताठ आहे. दोन वर्षं फोटो माझ्या पाठीशी होता, म्हणून दिसला नाही.

आणखी एक सांगते, जे कुणालाच सांगितलेलं नाही. त्या दिवसानंतर मी उशीला एकाही दवाखान्यात पाठवलं नाही. सगळ्या चकचकीत जागा इतर कुत्र्यांना दिल्या, तिच्याकडे पूर्वीपासूनचा वृद्धाश्रम तेवढा ठेवला, कारण तिथली फरशी जुनी, खरखरीत. म्हणजे मला माहीत होतं. पाय दुखतो हे मान्य केलं असतं तर तू बरोबर होतीस हेही मान्य करावं लागलं असतं, म्हणून डॉक्टरकडे नेलं नाही, फक्त वाट बदलली. मग ती वाटही कुणीतरी चकचकीत केली, आणि मला एक बाई दिसली. फरशी दिसली नाही.

वही वाचून मी कार्यालयातलं जाजम गुंडाळलं आणि काका, उशी, मी असे तिघं अकरा नंबरला गेलो. वार आमचा नव्हता, तरी गेलो. उंबरठ्यापासून पलंगाच्या दिशेने जाजम अंथरलं. पट्टा सैल सोडला. उशी त्यावरून चालत गेली, जाजम संपलं तिथे थांबली, पुढची फरशी हुंगली, आणि तिथूनच मान लांब करून मास्तरांच्या पावलावर नाक ठेवलं. काका ‘पुढे चला’ म्हणाले नाहीत.

संध्याकाळी डॉक्टरकडे नेलं. खुब्याचा सांधा झिजला आहे. ते म्हणाले, “दोन वर्षांपूर्वी आणली असतीत तर बरंच काही करता आलं असतं.” त्यांना काही माहीत नव्हतं, सहज म्हणाले.


३ एप्रिल

धाकटे,

मावशीच्या घरी जाऊन आले. मला बघून तिने दार लावलं नाही, आत बोलावलंही नाही. पहिलं विचारलं ते, “मास्तर जेवतात का?”

“नाही,” मी म्हटलं.

“डाव्या बाजूने घास द्यावा लागतो. उजव्या गालात अन्न राहतं, मग ठसका लागतो. नव्या बाईला कुणी सांगितलं नाही?”

कुणी सांगितलं नव्हतं. सांगणारीला मी घरी बसवलं होतं.

मग मी दंडावरच्या बोटांबद्दल विचारलं, वीस दिवस उशिरा. तिने एका दमात सांगितलं. नव्या फरशीवर मास्तर न्हाणीच्या दारात घसरले, तिने दंड धरून अडवलं, नाहीतर डोकं आपटलं असतं. तेव्हापासून तीनदा जाजम मागितलं. व्यवस्थापक म्हणाले, नव्या फरशीवर चिंध्या घालायच्या नाहीत, लोक बघायला येतात. मला बघून बाही ओढली, कारण मास्तरांना तो डाग दाखवायला लाज वाटायची. भिंतीला चिकटून उभी राहायची, कारण उशीला वाट मोकळी हवी, हे तिला तूच शिकवलं होतंस. म्हणून तुझी चौकशी. बस, एवढंच. तुमचं कधी बोलणं झालेलं नाही.

मी माफी मागितली. तिने माझ्याकडे पाहिलं. या वेळी नजर खाली केली नाही.

“तुम्ही कुत्रीला विचारलंत,” ती म्हणाली. “मला विचारलं असतंत तर मी सरळ सांगितलं असतं.”



ती एका अटीवर परत आली. तक्रार मागे घेतल्याचं पत्र मीच, सगळ्यांसमोर, मोठ्याने वाचायचं. काल जेवणघरात वाचलं. स्वयंपाकी, झाडणारे, गोड नवी बाई, व्यवस्थापक, सगळे उभे होते. ‘कुत्रीच्या नकाराचे कारण फरशी हे होते, आणि तिच्या पायाचे दुखणे मला दोन वर्षांपूर्वी सांगण्यात आले होते,’ हे वाक्य वाचून पाणी मागितलं. पाणी मावशीनेच दिलं. अकरा नंबरमध्ये आता पलंगापासून न्हाणीपर्यंत जाजम आहे.

मास्तर डाव्या बाजूने जेवले. आज ब्रश दिला. उशी नव्हती, म्हणून मावशीने आपली वेणी पुढे केली. तीन वेळा. तीन म्हणजे वीस नव्हेत. पुन्हा वीस होतील असं डॉक्टर म्हणत नाहीत.

उशीचं काम संपलं. कामाच्या वेळी बांधायचा तिचा निळा रुमाल मी काल सोडला. रुमाल सोडला की ती अंग झाडते आणि साधी कुत्री होते, तुला माहीत आहे. या वेळी झाडलं, आणि मग दाराकडे बघत बसली. कुणाची वाट बघते ते मला कळतं. कुत्री मला कळतात, असं तूच म्हणाली होतीस.

तिला तुझ्याकडे आणते. रविवारी, चार वाजता. ठेवून घेशील का, हे मी ठरवून टाकलं आहे असं समजू नकोस. विचारायला येते आहे. मला सवय नाही, पण शिकते आहे.

तुझ्या घरची फरशी कशी आहे, मला माहीत नाही. दोन वर्षांत एकदाही आले नाही. म्हणून जाजम बरोबर आणते. उंबरठ्याशी पट्टा सैल सोडेन, बोलवणार नाही, ओढणार नाही. उशी आत गेली तर जाईल.

मी बाहेर थांबेन. माझाही तोच नियम, फक्त दार तुझं आहे.

ताई